दोन माइक, एक मैफल: स्टिरिओ रेकॉर्डिंगसाठी जागा कशी ठरवतात

मैफलीत बसल्या जागी जे ऐकू येतं ते नंतर रेकॉर्डिंगमध्ये का सापडत नाही, हा प्रश्न बहुतेकांना कधी ना कधी पडतो. सभागृहात डोळे मिटूनही सांगता येत होतं की व्हायोलिन डावीकडे आहे, चेलो उजवीकडे आणि गायिका मधोमध. रेकॉर्डिंग लावलं की सगळे एकाच ठिकाणी दाटीवाटीने उभे असतात, नाहीतर दोन टोकांना पांगलेले आणि मधे मोकळं मैदान. वर विहिरीतून आल्यासारखा घुमारा. दोष माइकच्या किमतीला दिला जातो, पण बहुतेक वेळा तो माइकच्या जागेचा असतो. साधे पण एकसारखे दोन माइक नीट मोजून लावले, तर चुकीच्या जागी लावलेल्या महागड्या माइकपेक्षा ते कितीतरी चांगलं काम करतात. ही जागा अंदाजपंचे ठरत नाही, ती मोजता येते.

## दोन कानांचा हिशोब

आवाज कुठून येतोय हे मेंदू मुख्यतः दोन फरकांवरून ओळखतो. डावीकडचा आवाज डाव्या कानाला आधी पोचतो आणि थोडा मोठाही ऐकू येतो. पहिला फरक वेळेचा, दुसरा पातळीचा. वीस अंश सेल्सिअस तापमानाच्या हवेत आवाज सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो, म्हणजे एका मिलिसेकंदात साधारण 34 सेंटीमीटर. दोन कानांमधलं अंतर 17-18 सेंटीमीटर, आणि आवाज डोक्याला वळसा घालून जातो, म्हणून कानांना मिळणारा वेळेचा फरक सहसा पाऊण मिलिसेकंदाच्या पुढे जात नाही. एवढ्याशा फरकावर मेंदू दिशा सांगतो.

दोन स्पीकर समोर ठेवून ऐकताना याच सवयीचा फायदा घेतला जातो. दोन्ही स्पीकरमधून तोच आवाज तितकाच आणि त्याच क्षणी आला, तर तो दोघांच्या बरोबर मधून आल्यासारखा वाटतो, तिथे प्रत्यक्षात काहीही नसताना. एका बाजूची पातळी वाढवली किंवा तिकडचा आवाज जरा आधी सोडला, की ही प्रतिमा त्या बाजूला सरकते. मध्यापासून एका स्पीकरपर्यंतच्या अंतराला आपण ‘अर्धी रुंदी’ म्हणू. पातळीतल्या 1 डेसिबल फरकाने प्रतिमा अर्ध्या रुंदीच्या सुमारे 7 ते 8 टक्के सरकते, आणि वेळेतल्या 0.1 मिलिसेकंद फरकाने सुमारे 13 टक्के. हे दोन आकडे लक्षात ठेवा, पुढचा सगळा हिशोब त्यांच्यावरच उभा आहे.

## माइकलाही तोंड असतं

चारही बाजूंनी सारखंच ऐकणाऱ्या माइकला ओम्नी म्हणतात. समोरचं पूर्ण, बाजूचं निम्म्या पातळीने आणि पाठीमागचं जवळजवळ काहीच न ऐकणारा तो कार्डिऑइड. तिसरा आठच्या आकड्यासारखा: पुढचं आणि मागचं सारखंच ऐकतो, दोन्ही कुशींकडे मात्र बहिरा. कार्डिऑइड म्हणजे टॉर्च समजा. झोताच्या मधोमध लख्ख उजेड, कडेला मंद होत गेलेला.

दोन कार्डिऑइड वेगवेगळ्या दिशांना वळवले की डावीकडचा वादक डाव्या माइकच्या झोतात आणि उजव्याच्या कडेला येतो. झाला पातळीचा फरक. दोघांमध्ये अंतर ठेवलं की वेळेचाही फरक मिळतो. स्टिरिओ माइकची प्रत्येक मांडणी म्हणजे या दोन फरकांचं मिश्रण, कुठे एक जास्त, कुठे दुसरा.

## सगळ्यात मोठा गैरसमज

स्टेज रुंद आहे, तर माइक आणखी फाकवा, असं सहज सुचतं. परिणाम नेमका उलटा होतो.

माइकच्या प्रत्येक जोडीला समोरचा एक ठरावीक पट्टा असतो. या पट्ट्याच्या डाव्या कडेवरचा वादक ऐकताना थेट डाव्या स्पीकरवर जाऊन बसतो, उजव्या कडेवरचा उजव्या स्पीकरवर. इंग्रजीत याला स्टिरिओ रेकॉर्डिंग अँगल म्हणतात, आपण टिपकोन म्हणू. दोन माइकमधला कोन आणि टिपकोन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माइक जितके फाकवाल किंवा लांब कराल, तितके फरक लवकर मोठे होतात, त्यामुळे प्रतिमा लवकर कडेला पोचते आणि टिपकोन लहान होतो. कॅमेऱ्याच्या झूमसारखं आहे हे. कोन आवळला की थोडीच माणसं चौकट भरून टाकतात, कोन मोठा ठेवला की सगळी मावतात पण लहान दिसतात.

टिपकोन स्टेजपेक्षा लहान पडला, तर कडेचे सगळे वादक दोन्ही स्पीकरवर ढीग होऊन बसतात. मोठा पडला, तर अख्खा वाद्यवृंद मधल्या भागात कोंबला जातो. ध्वनिमुद्रणाचे अभ्यासक मायकेल विल्यम्स यांनी 1980 च्या दशकात अंतर, कोन आणि टिपकोन यांचे आलेख मांडले. आज फोनवर मिळणारी हा हिशोब करणारी बरीचशी ॲप त्याच विचारावर चालतात.

## नावाजलेल्या जोड्या

1931 मध्ये ब्रिटनमधले अभियंते ॲलन ब्लुमलाइन यांनी स्टिरिओच्या पेटंटसाठी अर्ज केला. आठच्या आकाराचे दोन माइक एकाच जागी, एकमेकांना 90 अंशांत, ही मांडणी आजही त्यांच्या नावाने ओळखली जाते. तिची प्रतिमा फार सुबक येते, पण ती मागचं सभागृह आणि टाळ्या समोरच्या संगीताइतक्याच ताकदीने टिपते. खोकणारे श्रोते असतील तर विचार करूनच वापरावी.

दोन कार्डिऑइड एकावर एक, 90 अंशांत, ही एक्स-वाय मांडणी. इथे वेळेचा फरक शून्य असतो. टिपकोन जवळजवळ 180 अंशांचा, त्यामुळे समोरून रेकॉर्ड केलेली मैफल नेहमीच चिंचोळी वाटते. हातात मावणाऱ्या बऱ्याच रेकॉर्डरवर हीच मांडणी पक्की बसवलेली असते, आणि ‘स्टिरिओ आहे पण स्टिरिओ वाटत नाही’ या तक्रारीचं कारण बहुधा हेच.

फ्रान्सच्या सरकारी प्रसारण संस्थेत 1960 च्या सुमारास घडलेली ओआरटीएफ मांडणी मधल्या वाटेने जाते: दोन कार्डिऑइड, 17 सेंटीमीटर अंतर, 110 अंश, टिपकोन सुमारे 96 अंश. 20 सेंटीमीटर आणि 90 अंश असलेल्या डिन मांडणीचा टिपकोन सुमारे 101 अंश. 30 सेंटीमीटर आणि 90 अंश असलेल्या एनओएसचा सुमारे 81.

ओआरटीएफचं गणित एकदा जवळून पाहू. एक व्हायोलिनवादक मध्यरेषेपासून 24 अंश डावीकडे बसला आहे. त्याचा आवाज डाव्या माइकला 0.2 मिलिसेकंद आधी पोचतो, त्यातून प्रतिमा सुमारे 26 टक्के सरकते. डाव्या माइकच्या अक्षापासून तो 31 अंशांवर आहे, उजव्याच्या अक्षापासून 79 अंशांवर, त्यामुळे पातळीत जवळपास 4 डेसिबलचा फरक पडतो, त्यातून सुमारे 29 टक्के. एकूण 55. टिपकोनाच्या अर्ध्या वाटेवर बसलेला माणूस ऐकतानाही साधारण अर्ध्या वाटेवरच येतो. ही मांडणी इतकी टिकली त्याचं कारण या हिशोबात दिसतं. दोन्ही फरक जवळजवळ सारखा भार उचलतात.

ओम्नी माइकची जोडी 40 ते 60 सेंटीमीटर अंतरावर लावतात. खर्ज इतका खोल आणि मोकळा दुसऱ्या कुठल्याच मांडणीत येत नाही, कारण कार्डिऑइड लांबून खर्ज गमावतो. पण ओम्नी दोन-दोन मीटर लांब नेले की मधे भोक पडतं. 1950 च्या दशकात डेक्का या रेकॉर्ड कंपनीच्या अभियंत्यांनी ते भोक तिसऱ्या माइकने बुजवलं: कडेचे दोघे सुमारे 2 मीटर अंतरावर, तिसरा मधोमध दीड मीटर पुढे.

## आधी किती लांब, मग कुठली जोडी

बहुतेक जण जोडी आधी निवडतात आणि मग स्टेजपुढे मागे-पुढे होत बसतात. क्रम उलटा हवा.

माइकला दोन तऱ्हेचा आवाज मिळतो: वाद्यातून थेट आलेला आणि भिंती-छतावर आपटून आलेला घुमारा. मोकळ्या हवेत थेट आवाज अंतर दुप्पट झालं की 6 डेसिबलने उतरतो. घुमारा मात्र सभागृहभर साधारण सारखाच भरलेला असतो. दोघे बरोबरीला येतात ते अंतर सभागृहाच्या आकारावर आणि घुमारा विरायला लागणाऱ्या वेळावर ठरतं. 10,000 घनमीटरच्या आणि दोन सेकंद घुमाऱ्याच्या सभागृहात, सगळीकडे सारखा पसरणाऱ्या आवाजासाठी, ते सुमारे 4 मीटर येतं. आपण तिथे बसून स्वच्छ ऐकतो, कारण मेंदू घुमारा बाजूला सारतो. माइकला मेंदू नाही. म्हणून आपल्याला आवडणाऱ्या खुर्चीपेक्षा माइकची जागा नेहमी बरीच पुढे असते. कार्डिऑइड मागचा घुमारा टाळतो, म्हणून तेवढाच घुमारा हवा असेल तर ओम्नीपेक्षा 1.7 पट लांब नेता येतो.

सोपी युक्ती अशी: तालमीच्या वेळी एक कान बोटाने बंद करा आणि दुसऱ्या कानाने ऐकत स्टेजकडे चालत जा. एका कानाने दिशा कळत नाही, घुमारा वेगळा काढता येत नाही, आणि माइक जे ऐकतो त्याच्या बरंच जवळ जाता येतं. जिथे वाद्यांचे सूर सुटे होतात तरी कोरडे वाटत नाहीत, तिथे जमिनीवर चिकटपट्टी लावा. रिकामं सभागृह भरलेल्यापेक्षा जास्त घुमतं, कारण माणसं आणि त्यांचे कपडे आवाज शोषतात. तालमीत किंचित जास्त घुमारा वाटला तर तो राहू द्या. तिथे घाबरून पुढे आलात, तर रात्री रेकॉर्डिंग रुक्ष येईल.

आता कोन मोजा. वादक 8 मीटर रुंदीत बसलेत आणि चिकटपट्टी साडेतीन मीटरवर आहे, तर तिथून दोन टोकांमधला कोन सुमारे 98 अंश होतो. ओआरटीएफ किंवा डिन चपखल. पट्टी 5 मीटरवर असेल तर कोन सुमारे 77 अंश, मग एनओएस. साडेतीन मीटरवर एक्स-वाय लावली असती, तर तोच वाद्यवृंद स्पीकरमधल्या अर्ध्या जागेतच मावला असता. अंतर कानाने ठरवायचं, जोडी कोनाने. म्हणजे घुमारा आणि रुंदी यांची ओढाताण होत नाही.

## उंची कशासाठी

माइक वादकांच्या उंचीवर ठेवला, पहिली रांग 2 मीटरवर आणि मागची 8 मीटरवर असेल, तर अंतराचं गुणोत्तर चारपट, म्हणजे 12 डेसिबलचा फरक. मागचे सगळे पुढच्यांच्या आड. हाच माइक वाद्यांच्या अडीच मीटर वर नेला, की पुढचं अंतर 3.2 मीटर होतं, मागचं 8.4, आणि फरक साडेआठ डेसिबलच्या आत येतो. शिवाय डोकी आणि नोटेशनचे स्टँड वाटेत येत नाहीत. जमिनीपासून 3 ते साडेतीन मीटर ही उंची बहुतेक ठिकाणी चालते. त्याहून वर गेलं की गायकांच्या आवाजाची धार बोथट होते, कारण माणूस समोर गातो, छताकडे नाही.

## प्रत्यक्ष बसवताना

अंतर मोजायचं ते माइकच्या दांड्यांमधलं नाही, आतल्या पडद्यांमधलं, म्हणजे जाळीच्या टोकापासून टोकापर्यंत. जाड पुठ्ठ्यावर 17 सेंटीमीटरची रेघ ओढा. तिच्या दोन्ही टोकांपासून, समोरच्या दिशेशी 55 अंश करून, बाहेरच्या बाजूला दोन रेघा काढा आणि पुठ्ठा कापून घ्या. स्टँड खाली असतानाच तो माइकखाली धरून कोन जुळवा. वर गेल्यावर काही कळत नाही. एक अडचण इथे हमखास येते: माइक 10 सेंटीमीटरपेक्षा लांब असेल तर दोघांच्या शेपट्या मागे एकमेकांवर आपटतात. अशा वेळी एक माइक दुसऱ्याच्या किंचित वर बसवावा. दोन-तीन सेंटीमीटरच्या उभ्या फरकाने डावं-उजवं बिघडत नाही. अंतर वाढवून सुटका करून घेऊ नका.

मध्यरेषा डोळ्यांनी ठरवू नका. पहिल्या रांगेतल्या डाव्या आणि उजव्या टोकाच्या वादकापासून टेपने सारखंच अंतर मोजा. स्टेजचा मध्य आणि वादकांचा मध्य दर वेळी एकच नसतो, आपल्याला दुसरा हवा. स्टँड वर नेल्यावर, दोन्ही माइक ज्यावर बसवलेत त्या आडव्या पट्टीच्या मध्यातून दोऱ्याला वजन बांधून सोडा आणि ते चिकटपट्टीवरच येतंय का पाहा. खाली झुकवायचं तेव्हा अख्खी पट्टी झुकवा. माइक एकेक करून वाकवले की दोघांमधला कोन बदलतो.

केबल स्टँडला एक वेढा देऊन सैल सोडा, नाहीतर तिचं वजन दोन तासांत माइक हळूच फिरवतं. पायांवर वाळूच्या पिशव्या हव्यातच. साडेतीन मीटरवरचं वजन श्रोत्यांवर कोसळलं तर रेकॉर्डिंगचा प्रश्नच उरत नाही.

## इतकं मोजणं खरंच लागतं का?

काही ठिकाणी लागतं, काही ठिकाणी नाही, आणि लोक बहुधा चुकीच्या ठिकाणी मोजतात. ओआरटीएफमध्ये एक माइक 10 अंश आत वळला, तर मधल्या गायिकेची प्रतिमा पातळीच्या फरकामुळे अर्ध्या रुंदीच्या सुमारे 5 टक्केच सरकते. 4 मीटर अंतरावर स्टँड मध्यरेषेपासून 30 सेंटीमीटर बाजूला गेला, तर सुमारे 10 टक्के. पण रेकॉर्डरवरच्या दोन बटणांत 3 डेसिबलचा फरक राहिला, तर 20 टक्क्यांहून जास्त. कोनमापक घेऊन तासभर खपायचं आणि आवाजाची बटणं नजरेने सारखी करायची, हा वेळेचा चुकीचा वापर आहे.

बटणं अशी जुळवा: दोन्ही माइक एका स्पीकरसमोर शेजारी-शेजारी ठेवा, सलग खसखसाट वाजवा आणि रेकॉर्डरवरचे पातळी दाखवणारे दोन्ही मीटर एकमेकांच्या अर्ध्या डेसिबलच्या आत आणा. रेकॉर्डरमध्ये दोन चॅनेल जोडायची सोय असेल तर ती वापरा. तालमीतला सर्वांत मोठा आवाज मीटरच्या वरच्या टोकाखाली 12 डेसिबलवर राहू द्या. मैफलीत वादक तालमीपेक्षा जोरात वाजवतात, आणि टाळ्या त्याहून जोरात.

मग एकाला वादकांच्या जागेतून चालायला सांगा. त्याने डावं टोक, डावीकडे अर्ध्यावर, मधोमध, उजवीकडे अर्ध्यावर, उजवं टोक, अशा पाच जागी थांबून जागेचं नाव मोठ्याने सांगावं आणि एक टाळी वाजवावी. हे स्पीकरवर ऐका. हेडफोनमध्ये प्रत्येक जोडी प्रत्यक्षापेक्षा रुंद भासते. ‘डावं टोक’ उजवीकडून आलं तर केबल उलट्या जोडल्यात. ‘मधोमध’ एका बिंदूवर न राहता कुठूनच न आल्यासारखं वाटलं आणि दोन्ही चॅनेल एकत्र केल्यावर आवाज पातळ झाला, तर एका केबलमधल्या तारा आत उलट्या जोडलेल्या आहेत. ही अर्ध्या मिनिटाची फीत फाइलच्या सुरुवातीला तशीच राहू द्या. सहा महिन्यांनी संपादन करताना डावं कुठलं हा प्रश्न पडत नाही.

## सॉफ्टवेअरने नंतर सुधारता येत नाही का?

पातळी सुधारता येते, रुंदी थोडी कमी-जास्त करता येते. मिसळून गेलेला घुमारा मात्र स्वच्छ वेगळा काढता येत नाही, आणि तसा प्रयत्न केला की सूर खरवडल्यासारखे होतात. कोरड्या रेकॉर्डिंगमध्ये घुमारा नंतर घालता येतो. म्हणून दोन जागांमध्ये शंका असेल तर जवळची निवडावी.

## प्रत्येक वाद्याला एक माइक का नको?

चालतो, आणि मागच्या रांगेतलं हळू वाद्य वर आणायला लागतोही. पण तेव्हा डावं-उजवं आपण हाताने ठरवतो, खोलीने ठरवलेलं नसतं. मुख्य जोडीला पाया माना, बाकीचे माइक आधाराला. जवळचा माइक मुख्य जोडीपासून 7 मीटर लांब असेल तर त्याचा आवाज सुमारे 20 मिलिसेकंद आधी येतो. तेवढा उशीर त्याला दिला नाही, तर वाद्य पुढे उडी मारून बसतं.

## आणि सभागृहात स्पीकर लावलेले असतील तर?

मग माइकची जोडी वादकांपेक्षा स्पीकरच जास्त ऐकते, आणि बऱ्याच सभागृहांत डाव्या-उजव्या स्पीकरमधून तोच आवाज सोडलेला असतो. अशा ठिकाणी वरचा स्टेजचा हिशोब तसाच लावून उपयोग नाही. सभागृहाच्या ध्वनियंत्रणेच्या मिक्सरवरून थेट सिग्नल घ्या, तो गायकाचा स्वच्छ आवाज देईल. दोन माइक श्रोत्यांचं आणि जागेचं वातावरण देतील. मध्यरेषा इथेही सोडू नका, दोन्ही स्पीकर माइकपासून सारख्या अंतरावर हवेत. माइक स्पीकरपासून 10 मीटरवर असतील तर त्यांचा आवाज सिग्नलच्या 29 मिलिसेकंद मागे राहतो. कार्यक्रमाआधी स्टेजवरच्या माइकजवळ एक टाळी वाजवून घ्या. संपादनात दोन्ही मागांवरची (ट्रॅकवरची) तिची टोकं दिसतात, आणि मिक्सरचा माग तेवढा उशिरा सरकवला की दोन्ही जुळतात. कार्यक्रम तास-दोन तासांचा असेल आणि दोन वेगळे रेकॉर्डर वापरलेत, तर शेवटीही एक टाळी घ्या. दोघांची घड्याळं किंचित वेगळी धावतात, आणि सुरुवातीला जुळलेले माग शेवटी सुटलेले असतात.